मोबाइलचं ग्रहण

तुम्ही मोबाइल उशाशी घेऊन झोपता ना, आमच्या आईनं फोडून काढलं असतं तुम्हाला! नव्वदचं दशक संपताना माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, वडूजच्या घरी मोबाइल आणला. तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. मोबाइलच्या किरणांनी शरीरातल्या पेशींना काही होतं का, हे शास्त्रज्ञ तपासतायत, असं कुणीतरी पेपरातून वाचून दाखवलं. आईला तेवढं पुरलं. मोबाइल वाजला की ग्रहण लागल्यासारखी ती वहिनीला आतल्या खोलीत बसवायची आणि अण्णाचं बोलणं संपलं की हाक मारायची, "ये गं भाईर, सुटलं!"

पुढं वहिनी बाळंतपणाला सांगलीला माहेरी गेली. मुलगी झाली, तसा अण्णानं दवाखान्यातून घरच्या फोनवर मोबाइल लावला. आई रिसीव्हर कानाशी घट्ट धरून रडायलाच लागली.

"लेकराचा आवाज तरी ऐकव रं."

"थांब, तिच्याजवळ धरतो मोबाइल."

"आरं, लांब धर! कवळ्या पेशी हायत तिच्या!"

"आई, लांबनं तुला ऐकू कसं येणार?"

आईनं पदरानं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "लांबच धर. आन तिला एक बारीक चिमटा काढ."