शर्टाची पाठ

मी कोल्हापूरचा, हे पहिलं लिहून घ्या, मग बाकीचं. कार्डिफात राहतोय, घर हितं हाय, पोरीची शाळा हितं, बायकोचं हॉस्पिटल हितं, सगळं खरं, पण फुटबॉल माझा कोल्हापूरचा. हितली माणसं मला विचारायची, इंडियात फुटबॉल खेळतात का, तुमच्यात क्रिकेट असतं ना? मी म्हणायचो, या एकदा आमच्या पेठेची मॅच बघायला, मॅचच्या दिवशी गल्लीत एक माणूस घरात सापडला तर माझं नाव बदला. काय सांगू तुम्हाला, आमच्यात फुटबॉल तालमीत असतो. आत हौदा, लाल माती, पैलवान घुमतायत, आणि त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलची टीम. म्हंजे दार एकच, लंगोट लावला तर पैलवान, बूट घातले तर प्लेअर, आणि वस्ताद दोघांचा एकच.

आमचे वस्ताद बाबूनाना. माझे वडील उद्यमनगरात लेथवर कामाला हुते, त्यांनी मला हाताला धरून नानांपुढं उभा केला आणि म्हणाले, ह्याच्या पायात लई वळवळ हाय, तुमी बगा. नानांनी बघितलं. आता नानांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत न्हवतं, ऑफसाइड म्हंजे काय हे आमी त्यांना चहाच्या कपबशा मांडून समजावलं तरी ते म्हणायचे, पुढं गेला तर गेला, मर्दानं पुढंच जायाचं असतं. पण त्यांचा एक नेम हुता. मॅच संपली की जिंकू दे न्हाईतर हरू दे, सगळ्यांनी तालमीत यायचं आणि नानांपुढं पाठमोरं उभं राहायचं. ते शर्टाची पाठ बघायचे. पुढनं कितीबी चिखल असू दे, गुडघे फुटलेले असू देत, त्याचं काय न्हाई, पण पाठीला माती दिसली की बैठका. पैलवानाची पाठ मातीला लागली की कुस्ती गेली, हे त्यांचं शास्त्र, आणि तेच त्यांनी आमाला लावलं. त्यामुळं मी पडायचो ते हातावर, गुडघ्यावर, खांद्यावर, आणि लोळण घेऊन परत उभा. पाठ कधीच न्हाई. आणि गोल विचाराल तर मारलेत, लई मारलेत, मोठेपणा म्हणून सांगत न्हाई, पेठेत कुणालाबी विचारा.

मग लग्न झालं. बायको सुनीता, नर्स. तिला कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, ती पुढं आली आणि सहा-आठ महिन्यांनी मी आमच्या तान्ह्या गौरीला काखेत घेऊन मागनं आलो, डिपेंडंट व्हिसावर. मित्र चेष्टा करायचे, काय मर्दा, बायकोच्या मागनं निघालास? मी म्हटलं, फॉरवर्डला चांगला पास मिळाला तर त्यानं पळायचं, कुणी दिला हे बघायचं नसतं.

हितं मी बेकरीत लागलो. सकाळची शिफ्ट, दुपारी मोकळा, गौरीला बगीत, म्हंजे बाबागाडीत, घालून पार्कात. तिथं एक लीगची टीम प्रॅक्टिस करायची. फार मोठी न्हाई, पण लीगची, मॅचला पैसे देणारी, प्लेअर सगळे नोकरी करून खेळणारे. मॅनेजर गॅरेथ, तो प्लंबर. बॉल माझ्याकडं आला, मी बगी एका हातानं धरूनच परत मारला, तो जिथं मारायचा तिथं बरोब्बर गेला. गॅरेथ आला आणि म्हणाला, बेबीला कोण बघेल? मी म्हटलं, तू बघ, मी दहा मिनिटं खेळतो. ती दहा मिनिटं वाढत वाढत काही वर्षं झाली बघा. संभाजी त्यांना म्हणता येईना म्हणून सॅम झालो, शर्ट नऊ नंबरचा.

माझ्या जोडीला अगुस. इंडोनेशियाचा, सुराबाया म्हणून गाव आहे त्याचं, तिथं खरा प्रोफेशनल स्ट्रायकर, पेपरात फोटो येणारा. त्याची बायको युनिव्हर्सिटीत पीएचडीला आली आणि तोबी माझ्यासारखाच मागनं आलेला. पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांना ओळखलं, म्हंजे तोंड बघून न्हाई, बगी बघून. तो आमच्या घरी सांबाल घेऊन यायचा, त्यांची मिरचीची चटणी, आणि माझ्या ठेच्यापुढं ठेवायचा, आणि दोघं घाम पुसत खायचो, माघार कुणीच घ्यायचं न्हाई. सुनीता म्हणायची, ॲम्ब्युलन्स बोलावू का दोघांना? मैदानात मात्र एकमेकांचं आम्हाला न बघता कळायचं, मी कुठं देणार ते त्याला ठाऊक आणि तो कुठं पळणार ते मला.

क्लबात मेरी म्हणून म्हातारी हुती, सगळ्यांचे शर्ट ती धुवायची, हौसेनं. एकदा ती माझा शर्ट घेऊन ड्रेसिंग रूममध्ये आली आणि म्हणाली, हा बघा, पुढनं डुक्कर आणि मागनं चर्चला निघालेला, हे कसं काय? सगळे हसले. मी तिला नानांचं सांगितलं. तेव्हापासनं ती मॅच संपली की मलाच आधी म्हणायची, सॅम, फिर बघू, आणि पाठ बघून मान हलवायची. मला काय वाटायचं सांगू, एवढ्या लांब आलो आणि हितंबी एक वस्ताद भेटली, बरं वाटायचं.

गाडी अडली ती पेनल्टीवर. मी डीत, म्हंजे गोलापुढच्या चौकटीत, बॉल घेऊन घुसलो की समोरचे मला लाथा घालायचे, कारण दुसऱ्या कशानं मी थांबत न्हवतो. आता लाथ बसली की पडायचं, रेफरी शिट्टी मारतो, पेनल्टी मिळते, हे जगाला ठाऊक. मी पडायचो न्हाई. धडपडायचो, हात टेकायचो, परत उभा, तेवढ्यात बॉल निसटलेला. गॅरेथ बाहेरनं ओरडायचा, गो डाऊन, सॅम, गो डाऊन! मॅच झाल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, हे बघ, तुला खरीच लाथ बसते, तू खोटं करत न्हाईस, नुसतं पड, तेवढंच मागतोय. प्रॅक्टिसला मला पडायला शिकवायला उभा केला. अगुसनं मला ढकलायचं आणि मी पडायचं. पण अंगाला सवय लागलेली हो, त्यानं ढकललं की मी खांद्यावर लोळण घेऊन परत दोन पायांवर, जणू सर्कशीत. परत ढकललं, परत उभा. पोरं गवतात लोळून हसायला लागली, गॅरेथसुद्धा हसला, पण नंतर हसायचा थांबला आणि म्हणाला, सीझन संपत आलाय, आपण तळाला आहोत, खाली घसरलो तर हा क्लब बंद पडेल. पडणार नसशील तर नऊ नंबर दुसऱ्याला देतो.

घरी आलो, सुनीताला सांगितलं. ती म्हणाली, पडा की मग, काय जातंय तुमचं? नाना काय विमानानं येऊन पाठ बघणार हायत? मी म्हटलं, तुला कळायचं न्हाई. ती म्हणाली, मी दिवसभर पडलेली माणसं उठवतो, मला न कळायला काय झालं? आमच्याकडं बायका असंच बोलतात, करतो-जातो, कार्डिफात येऊनबी तिचं ते सुटलं न्हाई. मग म्हणाली, एवढंच हाय तर त्यांनाच विचारा.

रविवारी तालमीत फोन लावला. नाना आले, धापा टाकत, फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचे. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, नाना, पडू का? नाना हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले, आणि म्हणाले, अरे येड्या, फुटबॉलात पाठ लागली म्हणून कोण हरतंय व्हय? मला तुमच्या खेळातलं काय कळत न्हवतं. तुमी खेळून यायचा आणि माझ्या तोंडाकडं बघत उभं राहायचा, वस्ताद काय म्हणतायत म्हणून. मग वस्तादानं कायतरी बघायला नको? म्हणून पाठ बघत हुतो. पड बिनधास्त.

काय सांगू तुम्हाला, फोन ठेवला आणि मी खुर्चीत नुसता बसून राहिलो. हसूबी येईना, रागबी येईना. ज्याच्यासाठी मी अंगावर एवढ्या लाथा घेतल्या ते म्हाताऱ्यानं वेळ मारून न्यायला काढलेलं! पण मग माझ्या मनात आलं, की नानांनी काय बघून काढलं ते नाना जाणे, पाळलं तर मी. त्याच्यावर माझं सगळं पळणं उभं राहिलं, माझा तोल त्याच्यावर, मी पडत न्हाई म्हणूनच मी असा खेळतो. आतापर्यंत नेम नानांचा हुता, नानांनी सोडला, आता तो माझा. मंगळवारी गॅरेथला सांगितलं, मी पडणार न्हाई, ठेव न्हाईतर काढ. त्यानं काढलं. मी बेंचवर बसलो आणि तोंड वाकडं केलं न्हाई, कारण मला ठाऊक हुतं, माझी गरज लागणार हाय.

लागली. शेवटची मॅच, वरच्या खोऱ्यातल्या टीमबरोबर, सगळे खाणीत काम केलेल्यांचे नातू, हाडं अशी की धक्का लागला तर भिंतीला लागल्यासारखं. जिंकलो तर लीगमध्ये, न्हाईतर खाली. पाऊस, चिखल, गोल कुणाचाच न्हाई. थोडा वेळ राहिला तेव्हा गॅरेथनं माझ्याकडं न बघताच म्हटलं, जा. मी गेलो. अगुसनं मला बॉल दिला, मी एकाला चुकवला, डीत शिरलो, आणि त्यांच्या धिप्पाड सेंटर हाफनं मागनं पायावर अशी लाथ घातली की डोळ्यापुढं काजवे चमकले. आणि सगळं मैदान ओरडलं, गो डाऊन! गॅरेथ ओरडला, मेरी ओरडली, आणि त्या सगळ्यांत एक आवाज मराठीत, पडा, पडा की ओ! माझीच बायको. मी एक गुडघा टेकला, एक हात टेकला, हाताखाली चिखल गार लागला, आणि उठलो. मी पडलो असं धरून सेंटर हाफ रेफरीकडं बघून हात वर करत हुता, आपण काय केलंच न्हाई म्हणून. तेवढ्यात मी बॉल अगुसकडं सरकवला. तो तिथंच असणार हे मला बघायची गरज न्हवती. त्यानं गोल मारला आणि सगळ्यांना सोडून माझ्याकडं पळत आला आणि मला धरून फिरवला, माझी पाठ सगळ्यांना दाखवायला. मेरी रडत हुती. गॅरेथ म्हणाला, यू स्टबर्न मॅन, आणि मला मिठी मारली.

आत जाताना रेफरी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, शिट्टी तोंडात धरली हुती मी, तू पडायची वाट बघत हुतो. मी म्हटलं, जन्मभर बघायला लागली असती. तो हसला. पण ते बोलणं लीगभर पसरलं, सॅम पडत न्हाई, आणि सॅम पडला तर समजा खरं हाय.

ते खरं व्हायला पुढं दोन सीझन गेले. कुणी लाथ मारली न्हाई, धक्का दिला न्हाई, मी एकटाच वळलो आणि गुडघ्यातनं आवाज आला, सुक्या काटकीसारखा, आणि मी आकाशाकडं बघत हुतो. पाठीवर. पूर्ण. काय झालं माहीत हाय? बॉल समोरच्या टीमच्या पोराच्या पायात, पुढं मोकळा गोल, आणि त्यानं बॉल बाहेर मारला. रेफरीनं शिट्टी मारायच्या आधी त्यांचेच प्लेअर हात हलवून स्ट्रेचर बोलवायला लागले. कुणालाच शंका आली न्हाई. मला तिथं पडल्या पडल्या गुडघ्यापेक्षा जास्त त्याचंच वाटलं, डोळ्यांतनं पाणी आलं ते त्याचं, हे मी सुनीतालासुद्धा तेव्हा सांगितलं न्हाई.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खेळणं संपलं. मेरी शर्ट घेऊन हॉस्पिटलात आली. धुतलेला न्हवता. म्हणाली, हा मी धुणार न्हाई, हा तुझ्या त्या म्हाताऱ्याला दाखव. मी तो तसाच पिशवीत घालून कोल्हापूरला नेला. नाना थकले हुते, खाटेवर असायचे, पण शर्ट पुढं धरला तर उठून बसले. माझ्या पाठमोरं उभं राहण्याची वाट न बघता त्यांनी शर्टच उलटा केला, वाळलेला काळा चिखल अंगठ्यानं खरवडला, वास घेतला आणि म्हणाले, ही आपली माती न्हवं. ही मोजायची न्हाई. चीत न्हाईस तू. मागच्या साली नाना गेले. चीत न्हाईस, एवढं एक त्यांनी माझ्यासाठी ठेवलं हुतं, आणि ते मी घेतलं.

आता मी पोरींच्या टीमला शिकवतो, त्याच पार्कात. अगुस सुराबायाला परत गेला, तिथं कोच हाय, सांबालची बाटली अजून पाठवतो. गौरी फॉरवर्ड खेळते. मी तिला कधी काय सांगितलं न्हाई, पण घरातलं ऐकून मॅच झाली की ती आपली आपण माझ्यापुढं पाठमोरी उभी राहते आणि तिच्या हितल्या मोडक्या मराठीत म्हणते, बाबा, माझा पाठ बघ, क्लीन आहे. मागच्या शनिवारी बघितलं तर मानेपासनं कमरेपर्यंत चिखल. मी हातानं झाडला आणि नानांसारखंच म्हटलं, असू दे गं, ही आपली माती न्हवं. तर ती गर्रकन वळली आणि म्हणाली, बाबा, असं काय बोलतोस तू, हा माझा ग्राउंड आहे. खरं हाय ना, तिची हीच. मग म्हटलं, असं हाय तर मग मोजायला लागतंय, मार दहा बैठका. आणि तिनं तिथंच कार पार्कात, सगळ्या मैत्रिणींपुढं, मारल्या. पोरगी लई जोरात हाय बघा. देवानं तिला गुडघे तेवढे चांगले द्यावेत, बाकीचं ती बघून घेईल.