माझं न्हाण आन् आयनं धरायला लावलेले उपास

माझा जनम मानपाड्याजवळच्या गावातला, आगरी घरातला. पावसाळ्यात शेती, उरलेलं वरीस खाडीवरचं मिठागर, तिथं मी लहानपणापासून मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहायचे. अंगावर मांस म्हणाल तर नाय, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. जोडीच्या पोरींना न्हाण आलं, त्या सासरी गेल्या, आन् मना, काय सांगू तुमाला, काहीच नाय.

माझी सोयरीक लहानपणीच ठरलेली. होणारी सासू येऊन आयला बाजूला घेऊन विचारायची, काय गं, झाली का? आय मान खाली घालायची. मग एक दिवस सासूनं सांगूनच टाकलं, पाऊस लागायच्या आत नाय झालं तर आमी दुसरी पोर बघतो. तवापासून आय घाबरली ती घाबरलीच. माझं धुणं उलटंपालटं करून बघायची, मीबी बघायचे, वाटायचं आपण बाईच नाय का काय.

आयला वाटलं देवीचा कोप. मना मंगळवार धरायला लावला, शुक्रवार धरायला लावला, नुसत्या पाण्यावर, आन् पाट्या तशाच वाहायच्या. तरी नाय, म्हणून सोमवारबी. मी आणखीच वाळले, चालताना डोळ्यापुढं अंधारी यायची, आन् आय म्हणायची, देवी परीक्षा बघते. मायेनंच करत होती हो ती.

शेवटी मी मिठागराच्या बांधावर पाटीसकट पडले. शहाडची मावशी बघायला आली, माझं मनगट धरलं आन् आयवर कडाडली, अगं पोरीच्या अंगातच रगत नाय, मग न्हाण येणार कुठनं? मना घेऊनच गेली. नदीकाठी तिचं घर, काम नाय, उपास नाय, सकाळी भाकर, दुपारी भात आन् मासळी, वर म्हशीचं दूध. मना एकेका घासाला भीती, देवी आणखी कोपली तर? पण बांगड्या मनगटावरच राहायला लागल्या. आन् पाऊस लागायच्या आधी न्हाण आलं बघा. मी रडले, मावशी हसत बसली. निरोप मिळाला तशी आय चालत शहाडला आली, मना पोटाशी धरलं.

लगीन झालं, पोरं झाली, देवीनं काय कमी केलं नाय. आता लेक-सून वर्तकनगरला राहतात, त्यांची पोर हडकुळी. परवा सून म्हणाली, आई, हिचं अजून काय नाय, उपास धरायला लावू का? मना तो मिठागराचा बांध आठवला. म्हटलं, डॉक्टरला दाखव, पण उपासाचं नाव काढू नको, देवीला काय सांगायचं ते मी सांगते. नातीला म्हणते, सुखात राहा गं बाय, आन् तिचं ताट रिकामं होईपर्यंत समोरून हलत नाय.