राणी आठ महिने आधी का गेली नाही?

...आणि वर मलाच म्हणतात, ‘तुम्ही पाचवा भाग नीट वाचलेला नाही!’ अहो, मी चष्म्याच्या काचा घासणारा माणूस! मला काय करायचंय राणी कुठल्या काळात गेली ते!

तुम्हाला सांगतो, आठवड्यातून तीनदा, सकाळी आठला मी माझ्या थोरल्या बहिणीला डायलिसिसला नेतो. तिची मूत्रपिंडं थकलीयत, रक्त मशीन गाळून देतं. चार तास एका जागी, डाव्या हातात सुया, हात हलवायचा नाही. आणि अशात ताईला वाचायला काय हवं? नऊशे पानांची जादूची कादंबरी! सहा भाग झाले होते, सातवा यायचा होता. एका हातानं वीट पेलेल एक वेळ, हे पुस्तक नाही. मग धरायचं कोणी? पानं उलटायची कोणी? तिचे डोळे शिणले की मोठ्यानं वाचायचं कोणी?... बरोबर.

तर ती राणी. तिचा भाऊ आगीत जातो. ही पाण्याच्या दरवाजातून मागच्या काळात शिरते. कशाला? तर ज्या दिव्यानं आग लागली तो विझवायला. अंधारात धडपडते, हिचाच झगा अडकतो आणि दिवा खाली! म्हणजे आग हिनंच लावली! मग पहिल्यांदा, ही मागे गेलीच नव्हती तेव्हा, आग लावली कोणी? झालं! एवढ्या एका प्रश्नावर, माझं वाचन ऐकणारी अख्खी खोली पेटलीय.

पलीकडच्या खाटेवर एक निवृत्त न्यायाधीश. ते डोळे मिटून, ‘पहिल्यांदा असं काही नसतंच. जे झालं ते तसंच होणार होतं. अपील नाही.’ समोरचा ट्रकवाला म्हणतो, ‘साहेब, मांजर! आगीच्या रात्री खिडकीत मांजर बसलंय, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही!’ ताई तावातावानं उठायला जाते, हात हलतो, मशीन बोंबलतं... टीं टीं टीं! नर्स धावत येते, मला वाटतं आता खरडपट्टी काढणार, तर ती नळी सरळ करता करता काय म्हणाली? ‘काका, राण्या दोन आहेत. एक गेलेली, एक राहिलेली.’ घ्या! अहो, मला काय करायचंय!

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. परवा एका शिक्षिकेच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली मी. बाई परत आल्या, ‘अहो, मला फळा दोन दोन दिसतोय.’ मी म्हटलं, ‘एक गेलेला, एक राहिलेला...’ त्यांनी दुकानच बदललं.

आणि गेल्या मंगळवारी जे व्हायचं ते झालं. वाद ऐन रंगात, आणि मी एकदम ओरडलो, ‘अरे, पण ती त्याच दिवशी कशाला जाते? आठ महिने आधी जायचं ना! आठ महिने होते तिच्या हातात!’

न्यायाधीशांनी डोळे उघडले. ‘आठ महिने? हे कुठल्या भागात आहे?’

कुठल्याच नाही हो...

आता तुमच्यापासून काय लपवायचं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, भावाचं मूत्रपिंड जुळतंय. मी म्हटलं, देतो की! जरा दुकानाचं मार्गी लागू दे. मग, जरा थंडी सरू दे. मग, जरा... भीती वाटत होती हो. कापून घ्यायची भीती! ‘जरा, जरा’ करत आठ महिने घालवले, आणि शेवटी मन घट्ट करून गेलो, तर तपासणीत मलाच मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, तुमचं आता नाही घेता येणार. ताई त्यावर एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. तेव्हापासून नुसती पानं उलटतोय.

तर त्या मंगळवारी ताई छताकडे बघत म्हणाली, ‘आठ महिने आधी गेली असती, तरी जाणार कोण? हीच ना? तेव्हा भ्यायली, ती परत जाऊनही भ्यायलीच असती.’

‘ताई, पण...’

‘पण काय? भाऊ तिच्यावर रागावला, असं कुठल्या पानावर लिहिलंय? दाखव मला!’

मी उगाच पानं चाळायला लागलो. ट्रकवालाच हळूच म्हणाला, ‘नाही लिहिलेलं, ताई. मी दोनदा वाचलंय.’

‘मग? वाच पुढं. आणि पायावर पांघरूण घाल, गार पडलेत.’

मी पांघरूण घातलं, वाचायला लागलो. एक ओळ धड दिसेना. सगळ्यांना चष्मे देणारा मी! न्यायाधीश म्हणाले, ‘सावकाश होऊ द्या.’

काल सातवा भाग आला. आग कोणी लावली? नाव नको! आम्ही आधी शेवटचंच पान उघडलं, तर लेखक लिहितो, उत्तर आठव्या भागात, तीन वर्षं तरी लागतील. ट्रकवाल्यानं शिव्यांची लाखोली वाहिली, न्यायाधीश म्हणाले, हा फसवणुकीचा गुन्हा होतो. आणि मी? मी त्या लेखकाला निरोप धाडला, ‘साहेब, मुळीच घाई करू नका. घाईत चुका होतात.’

आज सकाळी उत्तर आलं. ‘आभारी आहे. असं म्हणणारे तुम्ही पहिलेच. मग चार वर्षं धरा.’

ताईला वाचून दाखवलं. कपाळावर हात मारून म्हणाली, ‘घ्या! आणखी एक वर्ष जगणं आलं!’