मयत न चुकवणारे महापौर

निवडणूक हरलेले महापौर दुम्लाव नऊ वर्षांत पहिल्यांदाच जीपनीत, म्हणजे भाड्याच्या सामायिक जीपगाडीत चढले आणि टोपी नाकापर्यंत ओढून कोपऱ्यात बसले. समोर दोन बायका होत्या, मांडीवर कॉफी-बिस्किटांच्या पिशव्या.

"पडले गं इस्यांग, आपले महापौर!"

"पडणारच. नऊ वर्षांत एक गटार धड केलं नाही."

"पण मयत एक चुकवलं नाही हो!"

"आमचे हे गेले तेव्हा तर शवपेटीपाशी ढसाढसा रडले. म्हणाले, 'अशी कष्टाळू बाई पुन्हा होणार नाही.'"

"बाई? तुझा नवरा?"

"अगं, त्यांना जायचं होतं शेजारी. तिथली म्हातारी त्याच दिवशी गेलेली."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"वेडी आहेस? आमच्या ह्यांना जन्मात कुणी कष्टाळू म्हटलं होतं का?"

"नवे महापौर येतील का गं मयताला?"

"ते फुलं पाठवतात, ड्रायव्हरच्या हाती."

दुम्लावांनी मान खाली घालूनच भाडं पुढे केलं. इस्यांगने ते घेऊन ड्रायव्हरकडे सरकवलं.

"महापौर, सासूबाई गेल्या आमच्या. शवपेटी रविवारपर्यंत घरातच ठेवणार आहोत, या हं. ह्या खेपेला खरंच बाई आहे. फक्त कष्टाळू तेवढी म्हणू नका."