बातमी फोडणारा कोण?

आमच्या डिचोलीच्या कॉलेजचे प्रिन्सिपल महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर हेरखात्यात होते, हे सांगितलंय का मी तुम्हांला? युद्ध संपलं, गोवा मुक्त झाला, पण सरांचा संशय काही सुटला नाही. मीटिंगमधली गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारात पोचायची आणि सर आम्हां प्राध्यापकांकडे रोखून बघायचे.

एकदा त्यांनी मला केबिनमध्ये घेऊन दार लावलं. "कोणाला बोलू नका. कॉलेज मये गावाला हलवणार आहेत."

मागाहून कळलं, त्यांनी प्रत्येकाला वेगळी थाप मारली होती. ज्याची थाप बाजारात फिरेल तो फितूर, आणि त्याची नोकरी गेलीच समजा. आम्ही एकमेकांशीसुद्धा जपून बोलू लागलो.

आम्हांला मारलेली एकही थाप बाहेर आली नाही. पण एका सकाळी पार पेडण्याहून पालक कॉलेजच्या दारात हजर! "सर, राजीनामा देऊ नका!"

सरांचा चेहरा पडला. फितूर सापडेना म्हणून वैतागून ते राजीनामा देणार होते हे खरं होतं, आणि ते त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं. मला साक्षीदार म्हणून घेऊन ते तडक घरी गेले.

"तू कोणाला बोललीस?"

"पाव घेऊन येतो त्या पोदेराला," बाई शांतपणे म्हणाल्या. "तो दारोदार जातो ना!"

"म्हणजे मीटिंगच्या गोष्टीही तूच?"

"जेवताना तुम्हीच सांगता की."

"अगो, पण राजीनाम्याचं कशाला सांगितलंस?"

"माझं तुम्ही कधी ऐकता? म्हटलं, गावाचं तरी ऐकाल."

सरांनी राजीनामा दिला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून पाव घ्यायला ते स्वतः दारात उभे राहू लागले.