मधलं वाक्य

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे रुग्णालयाचे अधीक्षक, सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या स्टेनोबाई आणि समोर बसलेल्या सर्व सहकाऱ्यांनो,

मी टेलिफोन ऑपरेटर. दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात उभी हयात गेली. स्वतः बोलायची सवय नाही. पण आत्ता चार-चार वक्त्यांनी बाईंना ‘शांत, मनमिळाऊ’ म्हटलं, तेव्हा राहवलं नाही. शांत? अकरा वर्षांपूर्वीची माझी चौकशी इतक्यात विसरलात?

एका सुताराचा हात करवतीत सापडला होता. भर दुपारी. सर्जनसाहेब दोन तासांनी उगवले, तोवर त्याचं एक बोट गेलं. चौकशीला तिघे विद्वान बसले, त्यात खुद्द सर्जनसाहेबही! वीस मिनिटांत निकाल तयार. तेव्हाचे अधीक्षक बाईंना सांगू लागले, “लिहा. डॉक्टर वेळेवर आले नाहीत. म्हणजे ऑपरेटरने फोन केला नाही. सबब तिला कामावरून कमी करावे.”

बाईंची पेन्सिल थांबली. “साहेब, मधलं वाक्य राहिलं.”

“कुठलं?”

“तर्कशास्त्रात निष्कर्षाला दोन पाय लागतात, इथे एकच दिसतोय. ‘फोन गेला की डॉक्टर वेळेवर येतातच’, हे आपण मनात धरलंय. ते लिहू? खाली सर्जनसाहेबांची सही घेते.”

तीनदा फोन केला, तीनदा केला, असं मी घसा कोरडा करून सांगत होते, तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाईंनी एक वाक्य मागितलं आणि एवढ्या मोठ्या पदव्यांना घाम फुटला. सर्जनसाहेब पुटपुटले, “फोन वाजला होता. मी जेवत होतो.”

“हे लिहू नका!” अधीक्षक ओरडले.

“लिहिलं, साहेब.”

माझी नोकरी वाचली. पुढच्याच सोमवारी बाईंची बदली झाली, तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. कारण? ‘प्रशासकीय’. मघाशी एक वक्ते म्हणाले, बाईंनी कधी तक्रार केली नाही, म्हणजे त्या तिथे सुखी होत्या. वा! न बोलणारा माणूस सुखीच असतो, हा शोध कुणाचा? त्या बिनखिडकीच्या खोलीत हे गृहस्थ एकदा तरी उतरले होते का?

पण दुसऱ्यांना काय म्हणून बोलू? बदली रद्द व्हावी म्हणून संघटनेनं अर्ज फिरवला, तो माझ्याही टेबलावर आला होता. मी फोन घेत असल्याचं नाटक केलं आणि सही न करताच तो पुढे सरकवला. बाई मात्र रोज जिन्यात माझ्याशी हसून बोलायच्या. हसतात, म्हणजे त्यांना ठाऊक नाही, असं मी खुशाल धरून चालले. काल धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, तो अर्ज फायलीला लागला आणि फाईल माझ्याच खोलीत आली. पहिल्याच महिन्यात वाचला.”

एवढंच सांगायचं होतं. आपण ऐकून घेतलंत, मी सर्वांची आभारी आहे. बोलण्यात कुठे तोल गेला असेल, तर सभागृहानं ते पोटात घालावं. बाई, तुम्ही घालायलाच हवं असं नाही.