भगवंताची पकड

अमरावतीच्या मोटारस्टँडवर, तिकिटाच्या रांगेत, उत्तमराव आणि जानराव यांचं हुतुतूवर बोलणं रंगलं होतं.

"आपल्या कॉलेजच्या भगवंतासारखा पकड घेणारा पुन्हा झाला नाही गड्या."

"त्यानं पाय धरला का माणूस तिथंच रुजे, कपाशीवानी!" जानराव म्हणाले.

"येवढं कौतुक, अन् अकरा वर्षं त्याच्याशी बोलत नाहीस."

"कसा बोलू? पस्तीस साली अकोल्याशी शेवटचा सामना. त्यायच्या गड्याले यानं धरलं, दम तुटाचीच देर, अन् यानं हात सोडले! मी कप्तान. इचारलं, काहून सोडलं? तं म्हणे, निसटला."

"निसटलो नव्हतो जी," मागून एक अनोळखी माणूस म्हणाला.

"तुमी कोण?"

"शालिकराम. अकोल्याचा तो गडी मीच. चारजण अंगावर, तोंड मातीत, श्वास येईना. दम तं माझा तुटलाच होता. पंचाले कळलं नाही, भगवंताले कळलं. 'श्वास घे बापू' म्हणून त्यानं सोडलं, तशी बाकीच्यायचीबी पकड ढिली झाली. अन् मी रांगत जाऊन रेघेले हात लावला."

"मंग इतके वर्षं चूप काहून?"

"जिंकलो होतो ना. लोकायनं खांद्यावर नाचवलं. आता भातकुलीले त्याच्या घरी चाललो, माफी मांगाले."

जानरावांची पाळी आली.

"मोर्शीचंच ना तुझं तिकीट?" उत्तमरावांनी विचारलं.

"नाही, भातकुली. अन् शालिकराम, त्याच्याशी पयले मी बोलीन. तुमी मागून."